घटक ४ : व्हिन्सेंट व्हॅन गॉग – एका प्रौढ विद्यार्थ्याची चित्रसाधना

अध्ययनाची उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपल्याला :
• व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• त्याने चित्रकलेची प्राथमिक कौशल्ये कोणत्या क्रमाने व कोणत्या साधनांनी आत्मसात केली, हे स्पष्ट करता येईल.
• चरित्रलेखनात घटनांची निवड कशी अर्थपूर्ण ठरते, याचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, चरित्रनायकाच्या आयुष्यातील सर्व घटना सांगणे हे चरित्रकाराचे काम नसते. कोणत्या घटनांच्या आधारे त्या व्यक्तीचे मर्म उलगडेल, हे त्याला ठरवावे लागते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकाराविषयी आपण यापूर्वी काही ना काही ऐकले असेल. त्याने स्वत:चा कान कापला, तो मनोरुग्णालयात राहिला, त्याचा अकाली मृत्यू झाला आणि त्याची चित्रे पुढे कोट्यवधींना विकली गेली, या चार गोष्टी बहुतेकांना ठाऊक असतात. त्या खऱ्याच आहेत. परंतु केवळ त्यांच्यावर आधारलेली प्रतिमा अपुरी आहे. अशा प्रतिमेतून असा समज होतो, की या माणसाने वेडाच्या भरात कुंचला उचलला आणि चित्रे आपोआप प्रकटली.

प्रस्तुत घटकात आपण वेगळा धागा हाती घेणार आहोत. व्हॅन गॉग चित्र काढायला शिकला कसा, हा आपला प्रश्न आहे. शिकायला लागला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. जवळ शिक्षक नव्हता, कमाई नव्हती आणि अंगी कला आहे असा कोणताही पुरावा नव्हता. त्याचा पहिला अभ्यासक्रम त्याला टपालाने आला. दिवसभराचे काम आटोपून, समोर पुस्तिका ठेवून अभ्यासाला बसणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना या प्रवासातील अडचणी परक्या वाटणार नाहीत.

या चरित्राचे मुख्य साधन म्हणजे त्याची पत्रे. त्याने लिहिलेली ८००हून अधिक पत्रे आज उपलब्ध असून त्यांपैकी बहुसंख्य पत्रे धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली आहेत. चालू असलेल्या कामाची लहान रेखाटने तो पत्रांतच काढून पाठवत असे. त्यामुळे त्याची पत्रे हीच जणू त्याची सरावाची वही ठरली आहे.

४.२ चित्रकार होण्यापूर्वीची सत्तावीस वर्षे

व्हिन्सेंटचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी नेदरलँड्सच्या दक्षिणेकडील झुंडर्ट या खेड्यात झाला. वडील प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. आई हौसेने फुलांची जलरंगचित्रे काढत असे. टिलबर्ग येथील शाळेत त्याला चित्रकलेचे चांगले शिक्षक लाभले होते. परंतु पंधरावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच त्याची शाळा सुटली. त्याच्या बालपणीच्या उपलब्ध चित्रांत पुढील थोरवीची खूण शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही.

१८६९ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो गूपील या चित्रविक्रेत्या कंपनीच्या हेग येथील दुकानात नोकरीस लागला. त्याचे एक काका या कंपनीत भागीदार होते. हेग, लंडन आणि पॅरिस येथे मिळून त्याने जवळजवळ सात वर्षे ही नोकरी केली. या काळात असंख्य चित्रे आणि त्यांच्या छापील प्रती त्याच्या नजरेखालून गेल्या. हात अशिक्षित होता, पण डोळ्याचे शिक्षण सुरू झाले होते. १८७६ मध्ये ही नोकरी गेली. त्यानंतर त्याने इंग्लंडमध्ये शिक्षकी केली, डॉर्ड्रेख्ट येथे पुस्तकांच्या दुकानात काम केले आणि धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेसाठी ॲमस्टरडॅममध्ये अभ्यास करून तोही अर्धवट सोडला.

१८७८च्या अखेरीस तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशात धर्मप्रसारक म्हणून गेला. खाणकामगारांचे हाल पाहून त्याने स्वत:चे कपडे व चीजवस्तू वाटून टाकल्या आणि तो त्यांच्यासारखाच राहू लागला. धर्मसंस्थेला हे वागणे रुचले नाही. सहा महिन्यांची नेमणूक संपल्यावर तिने मुदत वाढवून दिली नाही. घरच्यांचा विश्वास उडाला. थिओशीही मतभेद झाले आणि १८७९च्या उन्हाळ्यापासून सुमारे दहा महिने दोघा भावांचा पत्रव्यवहार थांबला.

हा टप्पा नीट लक्षात घ्या. पंचविशी उलटलेला, पाच व्यवसाय सोडलेला किंवा त्यांतून काढला गेलेला हा तरुण घरच्यांच्या दृष्टीने निरुद्योगी ठरला होता. १८८०च्या उन्हाळ्याच्या आरंभी थिओने पाठवलेले पन्नास फ्रँक त्याच्या हाती पडले आणि त्यांची पोच देण्याच्या निमित्ताने त्याने भावाला एक दीर्घ पत्र लिहिले. काही करण्याची ओढ असूनही परिस्थितीने कोंडल्या गेलेल्या माणसाची स्थिती त्याने पिंजऱ्यातील पक्ष्याच्या दृष्टान्ताने मांडली. आळशी माणूस आणि नाइलाजाने निष्क्रिय राहिलेला माणूस यांत भावाने फरक करावा, एवढीच त्याची विनंती होती. पुढील काही आठवड्यांतच त्याने चित्रकार होण्याचे निश्चित केले.

४.३ टपालाने आलेला अभ्यासक्रम

या वेळी तो क्वेम या गावी एका खाणकामगाराच्या घरी राहत होता. लहानशा खोलीत दोन खाटा होत्या; एक घरातील मुलांची आणि एक त्याची. उजेड अपुरा होता. मोठा कागद पसरण्यास जागा नसल्यामुळे हवा चांगली असेल तेव्हा तो बागेत बसून काम करी. खाणीकडे जाणाऱ्या कामगारांची रेखाटने त्याने आधीपासूनच सुरू केली होती. त्यांत कळकळ आहे, परंतु माणसे ताठ व बाहुल्यांसारखी दिसतात. अंगाचा भार पायांवर पेललेला आहे, असे वाटत नाही. काय चुकते आहे हे त्याला जाणवत होते, मात्र ते दुरुस्त कसे करावे हे ठाऊक नव्हते.

त्यासाठी त्याने योग्य ते साहित्य मागवले. थिओकडे त्याने फ्रेंच चित्रकार मिले यांच्या शेतकामाच्या दहा चित्रांचा छापील संच मागितला. गूपीलच्या हेग शाखेचे व्यवस्थापक, म्हणजे त्याचे पूर्वीचे वरिष्ठ टर्स्टेख, यांच्याकडे त्याने शार्ल बार्ग यांच्या चित्रकलेच्या पाठांची मागणी केली. टर्स्टेख यांनी ते पाठवून दिले.

बार्ग यांचा हा अभ्यासक्रम चित्रकार जेरोम यांच्या सहकार्याने तयार झाला होता आणि गूपीलनेच तो प्रसिद्ध केला होता. त्याचे तीन भाग होते. पहिल्या भागात प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून काढलेली चित्रे होती. दुसऱ्या भागात नामवंत चित्रकारांच्या रेखाटनांच्या प्रती होत्या. तिसऱ्या भागात कोळशाच्या कांडीने करावयाचे ६० पाठ होते आणि त्यांत विवस्त्र मानवी देहाच्या केवळ बाह्यरेषा दिल्या होत्या.

या पद्धतीचे तत्त्व साधे होते. समोरच्या वस्तूकडे पाहून एकदम वळणदार रेषा काढू नये. प्रथम आकृतीची उंची व रुंदी ठरवावी. मग कागदावर मोजक्या सरळ रेषांनी तिचा ढोबळ सांगाडा मांडावा. एका बिंदूपासून दुसरा किती तिरका आहे ते तपासावे. हा सांगाडा बरोबर जुळल्यावरच सरळ रेषांची वळणे करावीत आणि छायेचा भाग सर्वांत शेवटी भरावा. नवशिक्या माणूस डोळा काढू लागला, की तो डोळ्याविषयी मनात साठवलेली कल्पना काढतो. समोर दिसतो तो आकार काढत नाही. बार्ग यांचे पाठ ही सवय मोडण्यासाठी होते.

व्हिन्सेंटने हे साठही पाठ पूर्ण केले. पंधरवडाभर तो भल्या पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांवर खपत होता. जोडीला मिले यांच्या चित्रांच्या प्रती करणे चालूच होते. या पाठांनी हातात बळ येत आहे, असे त्याने थिओला कळवले. पाठ करून झाल्यावर खाणकामगारांचे रेखाटन त्याने पुन्हा करून पाहिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाठ आणि स्वत:चे काम यांची सांगड घालण्याची ही रीत त्याने शेवटपर्यंत सोडली नाही.

४.४ ब्रसेल्स आणि एटन : प्रमाण, शरीररचना व यथार्थदर्शन

१८८०च्या ऑक्टोबरमध्ये तो ब्रसेल्सला गेला. खेड्यात पुस्तके होती, परंतु चांगली चित्रे पाहण्याची आणि इतर चित्रकारांना भेटण्याची सोय नव्हती. तेथील अकादमीत त्याने नाव नोंदवले. मात्र तो तेथे फार काळ टिकला नाही. अँथन व्हॅन रॅपार्ड या, वयाने पाच वर्षे लहान पण रीतसर शिक्षण घेतलेल्या, चित्रकाराशी त्याची मैत्री झाली. या काळात त्याने मानवी सांगाडा व स्नायू यांच्या मोठ्या आकृत्या पुस्तकावरून उतरवून काढल्या. कपड्यांच्या आत देह असतो आणि देहाच्या आत हाडे असतात, हे हाताला समजल्याशिवाय वाकलेला किंवा चालणारा माणूस कागदावर उभा राहत नाही, हे त्याने ओळखले होते. याच सुमारास थिओने त्याचा खर्च उचलण्यास आरंभ केला.

१८८१च्या वसंतात तो एटन येथे आईवडिलांकडे राहण्यास आला. आता तो पुस्तकांवरून माणसांकडे वळला. पेरणी करणारा, खणणारा, शेकोटीजवळ बसलेला, अशा गावकऱ्यांना थोडे पैसे देऊन तो समोर उभे करी आणि एकच कृती अनेकदा काढी. सोबत कासान्य या फ्रेंच लेखकाची यथार्थदर्शनाची पुस्तके आणि बार्ग यांचे तेच पाठ पुन्हा चालू होते. यथार्थदर्शन म्हणजे दूरच्या वस्तू लहान व जवळच्या मोठ्या कशा दिसतात, समांतर रेषा क्षितिजाकडे एकत्र येताना कशा भासतात, याचे शास्त्र. व्हिन्सेंटला त्याची गरज पोटतिडकीने भासली, कारण सरळ रस्ता आणि त्याच्या कडेची झाडे त्याला काही केल्या जमत नव्हती.

४.५ हेग : गुरू, मतभेद आणि एक लाकडी चौकट

१८८१च्या अखेरीस तो हेग येथे आंतोन मॉव्ह यांच्याकडे काही आठवडे शिकला. मॉव्ह हे त्या काळचे नावाजलेले चित्रकार; नात्याने व्हिन्सेंटच्या मामेबहिणीचे यजमान. त्यांनी त्याला जलरंग आणि तैलरंग हाताळण्याचे पहिले पाठ दिले. लाकडी पादत्राणे व इतर साध्या वस्तू मांडून त्यांचे स्थिरचित्र रंगवण्यास लावले. व्हिन्सेंट समोरच्या माणसाच्या फार जवळ बसून काम करतो, हा दोष त्यांनी तत्काळ दाखवला. फार जवळ बसल्यास संपूर्ण आकृती एका नजरेत मावत नाही. डोके काढताना पाय दिसत नाहीत आणि प्रमाण बिघडते. कित्येक महिन्यांची अडचण अनुभवी माणसाच्या एका सूचनेने सुटली. स्वयंअध्ययनाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

त्याच डिसेंबरात धर्म आणि एक नाकारला गेलेला विवाहप्रस्ताव यांवरून वडिलांशी मोठा वाद झाला आणि व्हिन्सेंट घर सोडून हेगला राहण्यास आला. आरंभी मॉव्ह यांनी त्याला आर्थिक मदतही केली. परंतु त्यांनी प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करण्याचा आग्रह धरला, तेव्हा शिष्य बिथरला. त्याला जिवंत माणसे काढायची होती. खोलीवर येऊन त्याने प्लास्टरचे तुकडे कोळशाच्या पेटीत फेकून फोडले. पुढे सीन या गरीब, परित्यक्त स्त्रीला त्याने घरात आसरा दिला आणि मॉव्ह यांनी त्याच्याशी संबंध तोडले. या प्रसंगात व्हिन्सेंटची बाजू पूर्णपणे योग्य होती, असे म्हणता येत नाही. प्लास्टरचा प्रश्न कसा सुटला, हे आपण पुढे पाहणार आहोत.

१८८२च्या मार्चमध्ये ॲमस्टरडॅम येथील चित्रविक्रेते काका कॉर्नेलिस यांनी त्याच्याकडून शहराची बारा लहान रेखाटने मागवली. प्रत्येकी अडीच गिल्डर, म्हणजे एकूण तीस गिल्डर त्याला मिळाले. शिकण्यास लागल्यापासून दोन वर्षे पूर्ण होण्याआधीची ही कमाई होती.

त्याच वर्षी त्याने सुतार व लोहार यांच्याकडून एक उपकरण बनवून घेतले. वाळूत रोवता येतील असे दोन दांडे आणि त्यांवर हव्या त्या उंचीवर बसवता येणारी लाकडी चौकट. चौकटीत उभ्या, आडव्या व तिरप्या तारा ताणलेल्या होत्या. स्खेव्हेनिंगेनच्या समुद्रकिनाऱ्यावर किंवा कुरणात ती रोवून तो खिडकीतून पाहावे तसे पलीकडे पाही. कागदावर त्याच प्रमाणात तशाच रेषा आखलेल्या असत. होडीची डोलकाठी कोणत्या तारेजवळ आहे, क्षितिज मधल्या तारेच्या वर आहे की खाली, घराच्या छपराची कड तिरप्या रेषेशी किती कोन करते, हे पाहून तो बिंदू मांडत असे. अशी साधने पूर्वीच्या चित्रकारांनीही वापरली होती. त्याने ती कल्पना पुस्तकांतून घेतली आणि स्वत:च्या सोयीची केली. अट एकच होती : डोळा एकाच जागी स्थिर ठेवायचा. या चौकटीने त्याला यथार्थदर्शनाबरोबरच चित्रसंयोजनही शिकवले. अफाट दृश्यातील कोणता तुकडा घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हा निर्णय चौकट हलवताना आपोआप घ्यावा लागे.

४.६ न्यूनेन : गटारूप आकार आणि रंगाचा अभ्यास

१८८३च्या डिसेंबरात तो न्यूनेन येथे पुन्हा आईवडिलांकडे आला. येथे त्याने विणकर आणि शेतकरी यांचे चेहरे व हात यांची असंख्य रेखाटने केली. या तयारीतून १८८५च्या वसंतात ‘बटाटे खाणारी माणसे’ हे मोठे चित्र सिद्ध झाले. दिव्याच्या मंद प्रकाशात एका शेतकरी कुटुंबातील पाच माणसे जेवत आहेत. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटाकडे जात आहेत, हे त्याला दाखवायचे होते.

या चित्राची शिलामुद्रित प्रत त्याने रॅपार्डला पाठवली. रॅपार्डने आकृत्यांतील दोष स्पष्ट शब्दांत कळवले. व्हिन्सेंट दुखावला, पत्रे परत गेली आणि पाच वर्षांची मैत्री संपली. मात्र याच वर्षीच्या उन्हाळ्यातील त्याची रेखाटने पाहावीत. पेंढ्या बांधणारी, वाकून खणणारी माणसे आता बाह्यरेषेच्या कडेपासून नव्हे, तर अंगाच्या गोलाईपासून, वस्तुमानापासून घडवलेली आहेत. टीका त्याने शब्दांत मान्य केली नाही. कामात मात्र तिची दखल घेतलेली दिसते.

याच काळात त्याने रंगशास्त्रावरील पुस्तकांचाही अभ्यास केला. लाल व हिरवा, निळा व नारिंगी, पिवळा व जांभळा हे परस्परपूरक रंग शेजारी ठेवले असता एकमेकांना उठाव देतात, हा नियम त्याने वाचला. रंगीत लोकरीच्या धाग्यांचे छोटे गुंडे ठेवलेली त्याची एक डबी ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आजही आहे. महाग रंग खर्च न करता दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून रंगसंगती तपासण्याचा हा उपाय होता.

४.७ अँटवर्प आणि पॅरिस : प्लास्टरकडे परत

१८८६च्या जानेवारीत त्याने अँटवर्पच्या अकादमीत प्रवेश घेतला. तेथील शिक्षक बाह्यरेषेच्या अचूकतेला महत्त्व देत. व्हिन्सेंट गटारूप आकारापासून आरंभ करी. खटके उडाले. अखेर त्याला प्राथमिक वर्गात बसवावे असे अकादमीने ठरवले. तोवर तो पॅरिसला निघून गेला होता.

पॅरिसमध्ये तो थिओकडे राहू लागला. दोघे भाऊ एकाच घरी असल्यामुळे या दोन वर्षांतील पत्रे फारच थोडी आहेत. जेथे सहवास असतो तेथे कागद मुका होतो, ही चरित्रकारापुढील नेहमीची अडचण आपण येथे ध्यानात घ्यावी. तथापि चित्रे बोलतात. कॉर्मों यांच्या चित्रशाळेत तो काही महिने जात होता आणि या काळात त्याने प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून कितीतरी रेखाटने व रंगचित्रे केली. चार वर्षांपूर्वी ज्यासाठी गुरूशी भांडण झाले, तेच काम आता तो आपखुशीने करत होता. गरज स्वत:ला पटल्यानंतर त्याने जुन्या हट्टाला चिकटून राहणे पसंत केले नाही.

रंगासाठी त्याने फुलांची असंख्य स्थिरचित्रे केली. जपानी काष्ठमुद्रितांचा त्याने व थिओने संग्रह केला. १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती करताना त्याने मूळ चित्र पारदर्शक कागदावर उतरवून घेतले आणि चौकोन आखून मोठे केले. त्यातून त्याला नव्या संयोजनाचे धडे मिळाले. क्षितिज बरेच वर नेता येते, झाडाचा बुंधा कडेला अर्धवट कापता येतो, छाया न भरता सपाट रंगाचे मोठे क्षेत्र ठेवता येते, हे त्याने प्रत करता करता आत्मसात केले.

४.८ आर्ल : बोरूची भाषा

१८८८च्या फेब्रुवारीत तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे आला. तेथे उत्तम बोरू मिळत. बोरूने रेखाटन करण्याचा प्रयत्न त्याने हॉलंडमध्येही केला होता, परंतु तिकडचे बोरू तितके चांगले नव्हते. आता त्याने ते हंसाच्या पिसाच्या लेखणीसारखे तासून शाईत बुडवले आणि मोंमाजूर टेकडीवरून दिसणाऱ्या मैदानाची मोठी रेखाटने केली.

ही रेखाटने मिळाल्यास अवश्य पाहा. त्यांत दूरचे शेत बारीक ठिपक्यांनी, जवळचे गवत उभ्या फटकाऱ्यांनी, नांगरट समांतर रेघांनी आणि झाडे वळणदार आकड्यांनी दाखवली आहेत. रंग नसतानाही प्रत्येक पृष्ठभागाचा पोत वेगळा भासतो. ज्याला आठ वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेची झाडे साधत नव्हती, त्याने येथे कोसभराचे मैदान शाईच्या खुणांनी एका कागदावर पसरले आहे. चौकटीच्या तारा आता त्याच्या डोळ्यांतच ताणलेल्या होत्या.

४.९ अखेरचे दीड वर्ष

१८८८च्या डिसेंबरात त्याच्या आजाराने उग्र रूप धारण केले. १८८९च्या मे महिन्यात तो सेंट-रेमी येथील मनोरुग्णालयात स्वेच्छेने दाखल झाला. झटके येत, त्या काळात काम थांबे. शुद्धीवर आला की तो पुन्हा कामाला लागे. बाहेर पडणे शक्य नसे आणि समोर बसवायला माणसे मिळत नसत, तेव्हा त्याने मिले यांची शेतकामाची तीच दहा चित्रे बाहेर काढली आणि आता ती रंगांत केली. काळ्या-पांढऱ्या चित्राचे रंगांच्या भाषेत भाषांतर करणे, अशा दृष्टीने तो या कामाकडे पाहत होता. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दृष्टिकोनाचा अवश्य विचार करावा. मूळ कृतीशी निष्ठा राखूनही अनुवादकाचा हात त्यात दिसतोच.

१८९०च्या मे महिन्यात तो पॅरिसजवळील ओव्हेर या गावी राहण्यास आला. येथून त्याने थिओला लिहून बार्ग यांचे कोळशाच्या कांडीचे पाठ पुन्हा मागवले. मानवी देहाचे प्रमाण हातातून सुटू नये, यासाठी ते साठही पाठ त्याला आणखी एकदा करायचे होते. ‘सूर्यफुले’ आणि ‘तारांकित रात्र’ ही चित्रे तोवर रंगवून झाली होती. तरीही क्वेमच्या खोलीतील नवशिक्याचे पुस्तक त्याला कमीपणाचे वाटले नाही. २९ जुलै १८९० रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, स्वत:वर झाडलेल्या गोळीच्या जखमेने त्याचे निधन झाले. पुढील सहा महिन्यांत थिओही गेला. थिओची पत्नी योहाना हिने चित्रे व पत्रे जपली आणि १९१४ मध्ये ती पत्रे प्रसिद्ध केली. तिने ओबडधोबड आरंभीची रेखाटनेही जपल्यामुळेच हा शिक्षणक्रम आज आपल्याला पाहता येतो.

४.१० समारोप

व्हिन्सेंटच्या चित्रकारकीर्दीचा काळ अवघा दहा वर्षांचा. त्यात त्याने सुमारे ८६० तैलचित्रे आणि १,०००हून अधिक रेखाटने व जलरंगचित्रे केली. त्याच्या हयातीत फारच थोडी चित्रे विकली गेली. मेहनत केली म्हणजे मान मिळतोच, असा निष्कर्ष या चरित्रातून काढता येणार नाही. तसा तो काढूही नये. थिओचा पैसा आणि विश्वास नसता, तर ही साधना क्वेमच्या खोलीतच थांबली असती, हेही विसरता येत नाही.

मात्र एक गोष्ट या चरित्रातून निर्विवादपणे दिसते. १८८०ची खाणकामगारांची रेखाटने आणि १८८८ची आर्लची रेखाटने शेजारी ठेवली, तर त्यांच्यामधील अंतर सरावाने कापलेले आहे. मोजणे, सांगाडा मांडणे, योग्य अंतरावर बसणे, चौकटीतून निवड करणे, प्रत करणे आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात करणे ही त्या अंतरातील पावले होत. त्यांपैकी प्रत्येक पाऊल शिकवता येते आणि शिकता येते. प्राथमिक पाठ एकदा उत्तीर्ण होऊन मागे टाकायचे नसतात. कलावंत आयुष्यभर त्यांच्याकडे परत जात असतो. भाषेच्या अभ्यासकालाही शब्द, वाक्य आणि परिच्छेद यांच्याकडे असेच परत जावे लागते.

४.११ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. चित्रकार होण्यापूर्वीच्या नोकऱ्यांचा व्हिन्सेंटला पुढे कोणता उपयोग झाला, ते लिहा.
२. बार्ग यांच्या पाठांमागील तत्त्व स्वत:च्या शब्दांत स्पष्ट करा.
३. मॉव्ह आणि रॅपार्ड यांच्याशी झालेल्या मतभेदांतून व्हिन्सेंटच्या शिकण्याच्या वृत्तीवर कोणता प्रकाश पडतो?
४. पत्रे हे चरित्राचे साधन म्हणून किती उपयुक्त असते व त्याच्या मर्यादा कोणत्या, याची प्रस्तुत घटकाच्या आधारे चर्चा करा.

उपक्रम : पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तीत उभे-आडवे दोन-दोन दोरे ताणा. कागदावर त्याच प्रमाणात रेषा आखा. एक डोळा मिटून, चौकट न हलवता, समोरच्या तांब्याची बाह्याकृती प्रथम केवळ सरळ रेषांनी काढा आणि मग वळणे द्या. सलग सात दिवस हाच तांब्या काढा. पहिले व सातवे रेखाटन शेजारी ठेवून, तांब्याविषयी आपल्याला नव्याने काय दिसले, ते दोनशे शब्दांत लिहा.